आगोटीचा डबा

मुरुडच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, नलूचं घर कुठलं. नुसतं बोट दाखवून कुणी गप्प बसणार नाही, हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडेल. असा मान नगरसेवकाला नाही, आणि नलूनं तो कुणाकडं मागितलेला नाही.

बोंबील वाळवावा तर नलूनंच. बांबूच्या वलांड्यांवर ती बोंबील अडकवायला लागली की जबड्यात जबडा असा घालायची, वारा सुटला तरी एक जोडी खाली यायची नाही. म्हसळ्याच्या बाजाराला जायची तर आगरदांड्याहून बोटीनं दिघीला, तिथून एसटी. टोपली खाली टेकायच्या आधी गिऱ्हाईक उभं. जवळ्यात वाळू लागली तर पुढच्या बाजाराला दुप्पट घेऊन जा, असं छातीला हात लावून सांगणारी ती एकटीच. आणि एवढ्या वर्षांत दुप्पट न्यायला कुणी आलं नाही.

तिचा थोरला भाऊ काळूराम. बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीवरचा सगळ्यात वरचा माणूस, त्याच्या शब्दावर बोट वळते. तो स्वतः चौथीतून उठला तो परत शाळेत बसला नाही. पण नलूला त्यानं सातवीपर्यंत शिकवली, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा. लग्नात सांगायचा, एसटीच्या लाईनीत सांगायचा, बर्फाच्या गाडीवाल्याला सांगायचा. सांगण्यासारखंच होतं ते. त्या काळात वाड्यातली दुसरी कुठली पोरगी इंग्रजी अक्षर लावून वाचत होती?

त्या वाचण्यापायीच डबा तिच्याकडं आला.

मासेमारीला बोट निघते ती आठ-आठ, दहा-दहा दिवस दर्यात. तिथं डॉक्टर कुठला? शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला की हात भोपळ्यासारखा सुजतो, ताप चढतो. म्हणून बोटीवर बर्फ, डिझेल, तांदूळ चढतात तशा मेडिकलमधनं गोळ्यांच्या पट्ट्या पण चढतात. मे संपता संपता बोटी वर ओढल्या की बोटीवरचं उरलंसुरलं घरोघर जातं. दोऱ्या जातात, स्टो जातो, मसाला जातो. गोळ्या कुठं जायच्या? कुठली कशावर ते कुणाला कळतंय? काळूरामनं पहिल्या वर्षी त्याच्या बोटीच्या गोळ्या बहिणीकडं आणून टाकल्या. मग बाकीचे तांडेल पण आणून टाकायला लागले.

पावसाळ्याच्या आधी घरात जी भरणी करून ठेवायची तिला आपल्याकडं आगोट म्हणतात. सुके बोंबील, जवळा, वाकट्या, तांदूळ, मीठ, सरपण. दर्या बंद असतो तेव्हा त्याच्यावर दिवस काढायचे. उरलेला मासा फेकायचा नाही, मीठ लावून वाळवायचा, हे नलूला आईच्या दुधातनं मिळालेलं. गोळ्यांनाही तिनं तेच लावलं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, आत दमट लागू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी टाकली, आणि पट्ट्यांना पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनानं लिहिलं. ताप. खोकला. लघवी. जखम. जुलाब. बोंबलाच्या डब्याशेजारी फळीवर तो डबा बसला.

कुणाच्या पोराला ताप आला, आणा नलूकडं. ती डबा उघडायची, पट्टीवरचं नाव लावून वाचायची, गोळी पाटावर ठेवून सुरीनं बरोबर मधोमध कापायची. मोठ्याला अख्खी, लहानाला अर्धी. अर्धी साखरेत चुरून द्यायची. दोन दिवसांत ताप उतरला की बास. उरलेल्या परत डब्यात. बरं झालेल्या पोराला गोळ्या घालायच्या म्हणजे फेकल्यासारख्याच, असं तिला वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, सगळ्या वाड्यालाच तसं वाटायचं. पोरं बरी व्हायची. बाया दुवा द्यायच्या. काळूराम जेट्टीवर उभा राहून सांगायचा, आमच्या वाड्यात डॉक्टर नको, आमची नलूच डॉक्टर. नलू वरवर रागवायची, पण आतून तिला ते गोड लागायचं.

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा तिला पोरगी झाली. त्याआधी दोनदा पोटातच गेलं होतं. नवरा विनेश काळूरामच्याच बोटीवर खलाशी, मुकाट माणूस, पण पोरगी झाली त्या दिवशी त्यानं अख्ख्या वाड्यात पेढे वाटले आणि आपल्या नावावरनं पोरीचं नाव ठेवलं विनिता. काळूरामनं तिच्या बारशाला बोटीला फुलांच्या माळा घातल्या होत्या. कुठल्या मामानं घातल्यात, दाखवा.

विनिता मोठी गोड पोर. समोरचा एक दात पडलेला, केस आईसारखे दाट. आई वलांडीवर बोंबील लावायला गेली की ही खाली उभी राहून एकेक हातात द्यायची, आणि देताना त्या माशाला नाव ठेवायची. हा मास्तर. ही ठमीमावशी. हा मामा, ह्याचं तोंड बघ किती मोठं. काळूराम हे ऐकून खदखदा हसायचा आणि चार जणांना जाऊन सांगायचा.

सहा वर्षांची झाली आणि पोरीला लघवीला जळजळ व्हायला लागली. थोडा ताप, ओटीपोटात दुखायचं. नलूनं डबा उघडला, ‘लघवी’ लिहिलेली पट्टी काढली, अर्धी दिली. दोन दिवसांत पोरगी हुंदडायला लागली. दोन-तीन महिन्यांनी परत तेच. परत अर्धी, परत दोन दिवस. तिसऱ्या वेळी त्या गोळीनं उतरलं नाही, तर नलूनं दुसरी पट्टी काढली. त्यानं उतरलं. चौथ्या वेळी तिसरी. दवाखान्यात न्यायचं तिच्या मनातच आलं नाही. ज्या घरात अख्खा गाव औषधाला येतो, त्या घरानं औषधाला बाहेर कशाला जायचं?

आषाढात पोरगी आजारी पडली ती वेगळीच. अंगात हीव भरून यायचं, दात वाजायचे, पाठीत एका बाजूला हात लावू द्यायची नाही. दोन गोळ्या झाल्या, तिसरीही झाली, ताप हलेना. तेव्हा काळूरामनं भाचीला खांद्यावर टाकली आणि बाजारातल्या क्षिप्रा मॅडमच्या दवाखान्यात नेली. क्षिप्रा मॅडम म्हणजे नांदगावच्या नारळाच्या वाडीवाल्यांची मुलगी, शहरात शिकून गावात परत आलेली, वयानं लहान पण हाताला गुण.

मॅडमनी पोट तपासलं, लघवीची बाटली दिली आणि लिहिता लिहिता विचारलं, ह्याच्या आधी घरी काही औषध दिलंय का, अँटिबायोटिक वगैरे.

आणि इथं ते झालं.

नलू तोंड उघडणार एवढ्यात काळूराम मध्ये बोलला. बोलायची खोडच होती त्याला. म्हणाला, “मॅडम, माझी बहीण अर्धी डॉक्टर हाय. अख्खा कोळीवाडा तिच्या हातानं बरा होतो. पोरीची कसली हयगय न्हाय झाली.” दवाखान्यात वाड्यातल्या दोन बाया बसलेल्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या. मॅडम हसल्या आणि नलूकडं बघून परत विचारलं, काही दिलंय का?

नलू म्हणाली, “न्हाय.”

एवढंच. त्या खऱ्या डॉक्टर बाईच्या खुर्चीसमोर, भावाच्या शब्दाखाली उभं राहून, सुरीनं कापलेल्या अर्ध्या गोळ्यांचं सांगायची तिला लाज वाटली. मॅडमनी लघवी तपासायला मोठ्या गावी पाठवली आणि रिपोर्ट येईतोवर हे चालू करा म्हणून बाटलीतलं औषध लिहून दिलं. मेडिकलमध्ये बाटली हातात आली तेव्हा नलूनं नाव वाचलं. तिसऱ्या पट्टीवरचंच नाव होतं. पोरीला ते देऊन झालं होतं. तरी ती परत मागं फिरली नाही. तिला वाटलं, बाटलीतलं ताजं आहे, लागेल.

ते तीन दिवस. आजही नलू ते बोटावर मोजते. तीन दिवस ती चमच्यानं घड्याळ बघून औषध पाजत होती आणि ते औषध पाण्यासारखं वाहून जात होतं. चौथ्या दिवशी पोरगी बडबडायला लागली, ओठ निळसर झाले. मॅडमनी एक नजर टाकली, इंजेक्शन टोचलं आणि स्वतः फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. अलिबाग. तिथल्यांनी रातोरात पुढं मुंबईला.

मुंबईच्या हॉस्पिटलात लहान मुलांचा वॉर्ड आठव्या मजल्यावर. काचेतनं लांब खाडीचा एक तुकडा दिसायचा. विनिताच्या दोन्ही हातांना नळ्या. शुद्धीत असायची तेव्हा खाडीकडं बघायची. एकदा सुई बदलायला सिस्टर आली तेव्हा ती आईला म्हणाली,

“आये, ह्यांची नको. घरची गोळी दे. ती लागते मला.”

नलूनं तिच्या कपाळावर हात फिरवला. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी रक्ताचा आणि लघवीचा रिपोर्ट आला. मोठे डॉक्टर विनेशला बाहेर बोलावून समजावत होते, जंतू कुठल्याच साध्या औषधाला दाद देत नाही, एकच औषध राहिलंय, ते किडनीला जड आहे पण चालू केलंय. विनेश मान हलवत होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. नलू जवळ गेली आणि डॉक्टरांच्या हातातला कागद तिनं खाली ओढून बघितला. इंग्रजी नावांची एक लांब यादी, आणि बहुतेक प्रत्येक नावापुढं एकच अक्षर. आर. आर. आर.

नावं तिनं लावून वाचली. लावायला लागलीच नाहीत खरं तर. सगळी ओळखीची. एकेक पट्टी तिच्या डोळ्यापुढं आली, पांढऱ्या चिकटपट्टीवरचं तिचं स्वतःचं अक्षर आलं. कुणी तिचा डबा त्या कागदावर पालथा घातल्यासारखं झालं.

“आर म्हंजे काय?” तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे ते औषध आता ह्या जंतूवर चालत नाही.

नलूनं पहिल्या नावावर बोट ठेवलं. “हे मी दिलंय,” ती म्हणाली. बोट खाली आलं. “हे पण दिलंय. हे पण. अर्धी अर्धी.”

काळूराम तिच्या मागंच उभा होता. पहिल्या पट्ट्या त्यानंच आणल्या होत्या. दवाखान्यात तोंड त्यानंच उघडलं होतं.

डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची आणून नलूला बसवलं आणि सांगितलं की सगळं तुमच्या डब्यावर घालू नका. असे जंतू पाण्यातून येतात, हातातून येतात, कधी गोळी न घेतलेल्या मुलांनाही होतात. अर्धवट औषधानं त्यांचं फावतं हे खरं, पण हा जंतू नेमका कुठनं आला ते कुणी सांगू शकत नाही. नलूनं मान हलवली. त्यातलं अर्धंच तिच्या कानात शिरलं.

आठव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या वॉर्डातनं फिरत होत्या तेव्हा, विनिता गेली. सात वर्षं पुरी व्हायला बावीस दिवस होते.

मुरुडला आणली. सारा कोळीवाडा रस्त्यावर उभा होता. विनेश चार दिवस बोटीच्या सावलीत बसून राहिला, जाळ्याचं एकच भोक विणायचा आणि उसवायचा. नलू रडली ती पहिल्या दिवशीच, मग रडणं आटलं. सकाळी उठून चूल पेटवायची, दोन वाट्या भात काढायची, आणि तिसरी वाटी हातात धरून उभी राहायची. डबा फळीवर तसाच होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही आणि तो खालीही काढला नाही.

श्रावण लागायच्या आधी एका दुपारी शेजारची ठमी आली. काखेत तिचा दीड वर्षाचा नातू, नाक वाहतंय, अंग तापलेलं. धो धो पडत होतं. ठमी उंबऱ्यात बसली आणि हळूच म्हणाली, “नलू, अर्धी दे गो. दोन दिवसाचं काम हाय.”

नलू म्हणाली, न्हाय.

ठमीला वाटलं, दुःखात आहे, कळलं नसेल. तिनं परत मागितली. नलू परत न्हाय म्हणाली. तेव्हा ठमीचा तोल गेला. म्हणाली, “तुझी गेली म्हणून दुसऱ्याची जाऊ दे, असं हाय का तुझ्या पोटात?”

हे बोलणं ठमीला आजही खातंय. बोलून झाल्यावर तिनंच तोंडावर हात ठेवला. नलूनं खुंटीवरचं इरलं घेतलं, ठमीच्या काखेतनं पोर ओढून स्वतःच्या पदरात घेतलं आणि पावसात चालायला लागली. ठमी मागनं धावत. बाजारापर्यंत तशाच. मधल्या एका दुकानातनं कुणी हाक मारली, नलूनं मान वळवली नाही. पोराचं तोंड तेवढं कोरडं ठेवलं.

क्षिप्रा मॅडमनी पोराला नीट तपासलं. सर्दीचा ताप आहे, म्हणाल्या, आपोआप जाईल. ताप उतरायचं सिरप द्या, आईला अंगावर पाजत राहू दे. गोळी नको.

“अर्धी पण नको?” ठमीनं विचारलं.

अर्धी पण नको, मॅडम म्हणाल्या.

ठमी पोर घेऊन बाहेर गेली. नलू टेबलापुढं उभीच राहिली. म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. तीन पट्ट्यांतलं दिलं होतं. तुम्ही लिहिलंत ते पण त्यातलंच होतं. मी मेडिकलात वाचलं, तरी मागं आले न्हाय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, नलूताई. तुम्हाला एकटीला आत बोलवायला हवं होतं.” बाहेर पेशंट खोळंबले होते, पण कुणी आत डोकावलं नाही.

घरी येऊन नलूनं डबा खाली काढला.

नारळी पुनवेला पंधरा-वीस दिवस राहिले होते. बोटी रंगवून तयार होत होत्या, बर्फाच्या खणांत पाणी मारणं चाललं होतं आणि नव्या हंगामाच्या पट्ट्या मेडिकलमधनं यायला लागल्या होत्या. नलू डबा कमरेवर घेऊन जेट्टीवर गेली, एकेका बोटीपुढं उभी राहिली. सांगायची ते थोडंच असायचं. दर्यात लागेल ती गोळी मॅडमना विचारून, त्यांचा कागद घेऊन न्या. सुरू केली तर शेवटपर्यंत खा. उरली तर घरी देऊ नका, माझ्याकडं आणू नका. आणि जुनी कुणाच्या घरात असेल तर आत्ता ह्या डब्यात टाका. काहींनी लगेच आणून टाकल्या. एक जण म्हणाला, एवढी वर्षं हिनंच वाटल्या आणि आता हीच शिकवते. नलूनं ते ऐकलं. त्याच्यापुढंच उभी राहिली, त्यानं बायकोला हाक मारून पट्टी मागवली तोवर हलली नाही. सांगा, दुसरं कोण उभं राहिलं असतं?

शेवटची बोट काळूरामची. त्यानं तिला येताना लांबनंच बघितलं होतं. आपल्या बोटीवर त्यानं कधी कुणाचं ऐकलेलं नाही, मालकाचंसुद्धा. तो खाली उतरला, बोटीवरची औषधांची पेटी त्यानं आपल्या हातानं तिच्या डब्यात रिकामी केली.

डबा घेऊन दोघं भावंडं दवाखान्यात गेली. सिस्टरनी सगळ्या पट्ट्या नष्ट करायच्या औषधांच्या पिवळ्या पिशवीत ओतल्या आणि विचारलं, झालं सगळं? नलू म्हणाली, झालं.

येताना किनाऱ्यानं चालत आली. वलांड्या मोकळ्या उभ्या होत्या. नलू एका बांबूला टेकली आणि पदराच्या गाठीतनं कागदाची एक पुडी काढून भावापुढं धरली. आत अर्धी गोळी होती. सुरीनं कापलेली, कड थोडी चुरलेली.

“शेवटची अर्धी तिला दिली,” नलू म्हणाली. “ही दुसरी अर्धी. ही मी त्यांना न्हाय दिली, दादा. न्हाय देववली.”

काळूरामनं तो कागद परत मिटला आणि तिच्या मुठीत ठेवला. म्हणाला, “नलू, मीच मध्ये बोललो त्या दिवशी.”

नलू म्हणाली, “व्हय. तू बोललास आणि मी न्हाय म्हणाले.” मग म्हणाली, “एवढी वर्षं माझी फुशारकी सांगत फिरलास. नलू डॉक्टर, नलू डॉक्टर. आता हे पण सांग. जेट्टीवर सांग, एसटीत सांग, म्हसळ्याला सांग. तेवढ्याच मोठ्यानं सांग.”

काळूराम सांगतो. बर्फाच्या गाडीवाल्याला सांगतो, लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगतो, न विचारता सांगतो. बहीण सातवी शिकली हे अजून पहिलं सांगतो, आवाजही तोच, लांबपर्यंत ऐकू जाणारा. अर्ध्या गोळीपाशी आला की मात्र त्याला थांबावं लागतं. लोक वाट बघतात. मग तो तोंडावरनं हात फिरवतो आणि पुढचं सांगतो.